अकरा वेळा ‘चांगले’

अडतीस वर्षे इदालिनाबाईंच्या हाताखालून बाटल्यांची बुचे गेली. फेइरा गावच्या बुचांच्या कारखान्यात पट्ट्यावरून वाहत येणाऱ्या बुचांतली चिरलेली, किडलेली, हिरवट राहिलेली त्या बोलता बोलता बाजूला टाकत. बुचांच्या बाबतीत त्यांनी कधी भीड ठेवली नाही. माणसांचे मात्र त्यांना जमत नसे. वर्षाअखेरीस हाताखालच्या बारा बायकांच्या कामावर शेरा लिहायचा असे, तेव्हा बाराही कागदांवर ‘चांगले’ लिहून त्या मोकळ्या होत. वाचतो कोण!

त्या बारांतल्या ग्रासिएतच्या नावावर अकरा वर्षांत असे अकरा वेळा ‘चांगले’ होते. बाई वक्तशीर, गोड बोलणारी, घरचा मक्याचा पाव सगळ्यांना वाटणारी. नजर मात्र बेताची. चिरलेली बुचे तिच्या टोपलीत सर्रास चांगल्यांत जात. पहिल्याच महिन्यात इदालिनाबाईंच्या हे लक्षात आले. पण सांगायचे म्हणजे तिचा चेहरा पडणार, मग समजूत काढा. त्यापेक्षा जेवणाच्या सुट्टीत तिची टोपली आपणच पुन्हा निवडलेली बरी. झाकली मूठ सव्वा लाखाची.

यंदा मार्चमध्ये बाईंच्या उजव्या मनगटाचे ऑपरेशन झाले आणि दुसऱ्याची टोपली हाताला झेपेना. मे महिन्यात वाइनवाल्यांकडून माल परत येऊ लागला. प्रत्येक पोत्यावर निवडणारीचा क्रमांक असतो, त्यामुळे ग्रासिएत लगेच सापडली. व्यवस्थापक केइरोश यांनी ‘काम घसरले’ म्हणून तिला कामावरून काढण्याची नोटीस दिली. कायद्याप्रमाणे तिची बाजू ऐकायला बैठक ठरली. ग्रासिएत बावन्न वर्षांची. इथून सुटली तर या वयात तिला कोण उभे करणार होते?

बैठकीत ग्रासिएतच्या बाजूने कामगार संघटनेच्या वकीलबाईंनी शेऱ्यांचे अकरा कागद टेबलावर मांडले. सगळ्यांवर सही इदालिनाबाईंची.

केइरोश वैतागून इदालिनाबाईंकडे वळले. “बाई, काम कधीपासून घसरलं तेवढं सांगा. दोन ओळी लिहून घेतो, मिटलं.”

बाईंना फार थकल्यासारखे झाले. ‘मार्चपासून’ म्हटले असते तर ते अर्धे खरेच होते, आणि घरीही जाता आले असते.

“तिचं काम घसरलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “पहिल्यापासून असंच आहे. तिची टोपली मी निवडायचे. मार्चपासून माझा हात चालेना.”

मग वकीलबाईंनी सांगितले, की जिला तिची चूक कोणी कधी दाखवलीच नाही, तिला त्याच चुकीसाठी काढता येत नाही. आधी शिकवा, पुरेसा वेळ द्या, मग तपासा. तीन महिने ठरले. शिकवायचे इदालिनाबाईंनी.

नोकरी तूर्त वाचली होती. निदान ग्रासिएत आपला हात तरी धरेल, असे बाईंना वाटले. ती जागची हललीही नाही.

“सुनेला सांगायचे मी, अख्ख्या कारखान्यात माझ्यासारखी नजर नाही कुणाची,” ती म्हणाली. “तेव्हाच तोंडावर सांगितलं असतंत, तर शिकले नसते का मी? एक्केचाळीस वर्षांची होते, बाई.”

इतकी वर्षे आपण दया केली असे इदालिनाबाई समजत होत्या, आणि खरे तर फक्त वाईटपणा टाळला होता.

दुसऱ्या दिवशी दोघी पट्ट्याशी शेजारी बसल्या. ग्रासिएतने पाव आणला नव्हता. तिने एक बूच फिरवून पाहिले आणि चांगल्यांत टाकले. सवयीने बाईंचा हात ते गुपचूप उचलायला निघाला. त्यांनी तो मांडीवर दाबून धरला.

“चुकलं,” त्या म्हणाल्या. “चीर आहे. परत बघ.”