कशावरूनबाई आणि रुईचा अर्क

वनस्पतिशास्त्राच्या आमच्या बाईंना कुणी काही ठामपणे सांगितलं, की त्या चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "कशावरून?" कँटीनवाला म्हणाला, आज चहा फक्कड झालाय, तरी "कशावरून?" पोरांनी त्यांचं नावच कशावरूनबाई ठेवलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं. सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका कॉलेजात मी डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले, ती त्यांच्याच हाताखाली.

गावोगावच्या झाडपाल्याच्या औषधांचा बाईंना नाद होता. सुट्टीच्या दिवशी माळावर हिंडून पाला-मुळ्या आणायच्या, सावलीत वाळवायच्या, कुटून स्पिरिटमध्ये भिजत घालायच्या आणि अर्क आटवायचा. त्या वासानं माझं डोकं दुखे. बाई म्हणत, "खेडवळ म्हणून हसू नकोस आणि जुनं म्हणून पायाही पडू नकोस. तपासून बघ."

एकदा आमच्या शिपायानं आपल्या बहिणीला, मंद्रूपच्या गंगव्वाला, आणलं. तिच्या स्तनात सुपारीएवढी गाठ होती. सिव्हिलमधल्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगून ऑपरेशन करायला सांगितलं होतं. ते टाळून ती रुईच्या मुळाच्या सालीचा काढा पीत होती. प्यायली की उलट्या होत.

"इख भायेर पडतंय की," ती म्हणाली. "गाठ लई मऊ पडलीया."

"कशावरून?"

"हाताला कळतंय न्हवं."

बाईंनी आपण तपासून बघेपर्यंत काढा थांबवायला सांगितलं. गंगव्वा म्हणाली, "थांबते. पर काय बगायचं ते बिगी बिगी बगा."

बाईंची एक वर्गमैत्रीण मुंबईच्या प्रयोगशाळेत काचेच्या बाटल्यांतून स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी वाढवत असे. रुईचा अर्क घेऊन आम्ही दोघी तिकडे गेलो. अर्क घातल्यावर काचेला चिकटून पसरलेल्या पेशी आक्रसल्या आणि सुटून तरंगू लागल्या. मला आनंद आवरेना. बाई मात्र सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढीनात.

"या पेशी कुणाच्या गं?" त्यांनी मैत्रिणीला विचारलं.

"परदेशातल्या एका बाईच्या. ती केव्हाच वारली. तिची गाठ अजून वाढतेय."

बाईंनी पुन्हा एकदा त्या पेशींकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आता हाच अर्क निरोगी पेशींवर घाल."

त्याही मेल्या. अगदी तशाच.

माझं तोंड उतरलं. परतीच्या गाडीत बाई उलट हुरूप आल्यासारख्या बोलत होत्या. "रुईत ताकद आहे, हे कळलं. तिला आपलं-परकं कळत नाही, हेही कळलं. मारतो तो नेमका पदार्थ वेगळा काढता येईल का, ते बघू. पण आधी मंद्रूप."

गंगव्वा अंगणात ज्वारी पाखडत होती. बाई तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या.

"गंगव्वा, तो काढा गाठीला मारेल. पण त्याआधी तुलाच मारेल."

"तुमी बगितलं व्हय?"

"या डोळ्यांनी."

"आन् कापलं तर जगंन का मी?"

"ते मला सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "पण गाठ अजून लहान आहे. आता सिव्हिलला जायला हवं."

गंगव्वानं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "खोटं बोलला असता तर आले नसते मी."

ऑपरेशन झालं आणि ती वाचली. बाई पुढे निवृत्त होईपर्यंत रुईच्या मागे होत्या. निरोगी पेशींना सोडून फक्त कॅन्सरला मारील असा पदार्थ काही त्यांना सापडला नाही. तरी नवा अर्क मुंबईला पाठवताना त्यांचा चेहरा निकालाच्या दिवशीच्या पोरीसारखा दिसे. निवृत्तीनंतर त्या धारवाडला भावाकडे गेल्या आणि तिथेच वारल्या.

ती बातमी सांगायला मी मंद्रूपला गेले. गंगव्वाच्या ओट्यावर शेजारच्या गावची एक तरुण बाई, गाठीचं विचारायला आलेली, पदर घट्ट लपेटून बसली होती. माझं ऐकून गंगव्वानं डोळे पुसले. आत जाऊन तिनं मला पाणी आणून दिलं. मग त्या बाईकडे वळून म्हणाली, "उद्या पयल्या एस्टीनं सिव्हिलला जायचं. मी येते संगट."