कोलंबोतली दुसरी बस

जहाज कोलंबोला लागायच्या आदल्या संध्याकाळी मी वडिलांना म्हणालो, "विचारून आलो. विहाराच्या बसमध्ये जागा नाही." मी विचारून आलो नव्हतो. सहलींचं काउंटर पाचव्या मजल्यावर होतं. मी सातव्यावर गेलो, तिथे लाइफबोटीच्या आडोशाला एक खुर्ची होती, तिच्यावर दहा मिनिटं बसलो आणि खाली आलो. दहा अशासाठी, की वडिलांचा जन्म सरकारी नोकरीत गेला होता. दोन मिनिटांत चौकशी झाली यावर त्यांचा विश्वास बसला नसता.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

नाशिकचा माणूस जहाजावर कसा पोचला, ते आधी सांगतो. अंबडच्या एका कारखान्यात मी प्लॅनिंगला होतो. दोन हजार साल उलटून गेलं होतं, पगार बरे झाले होते आणि आम्ही पाच सहकारी दर दोन वर्षांनी कुटुंबांसकट सहलीला जायचो. केरळ झालं, राजस्थान झालं. मग परचेसचा मॅनेजर एक दिवस चकचकीत माहितीपत्रक घेऊन आला आणि जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, "या वेळी समुद्र." शिवाय या वेळी आईवडिलांनाही न्यायचं ठरलं. मला तक्ते करायची सवय असल्यामुळे निवडीचं काम माझ्याकडे आलं.

तीन पर्याय होते. लक्षद्वीप, गोवा, आणि कोचीहून निघून कोलंबो आणि मालदीव. मी उभे-आडवे रकाने आखून तक्ता केला: किती रात्री, खोलीला खिडकी आहे का, शाकाहारी जेवण वेगळं शिजतं का, किनाऱ्यावर उतरायला किती वेळ. माझ्या घरी बैठक झाली. कॉलेज रोडवरचा एजंटही आला होता.

"लक्षद्वीप छान आहे साहेब," एजंट म्हणाला. "फक्त तिथे दारूबंदी आहे."

परचेसवाल्याने माझ्या तक्त्यावर लक्षद्वीपची ओळ खोडली. हा रकाना मी ठेवलाच नव्हता.

"गोव्याला जहाज कशाला? सीबीएसवरून बस सुटते," दुसरा एक जण म्हणाला. गोवा गेलं.

"पण जहाज लागतं म्हणे," परचेसवाल्याची बायको म्हणाली.

"तुला कसारा घाटात उलट्या होतात, तेव्हा जहाजाला आत्तापासून नावं ठेवू नकोस," तो म्हणाला.

असं कोलंबो ठरलं. माझा तक्ता चार पानी होता. तो कुणी वाचला नाही.

खिडकीची खोली महाग होती. मी आतली घेत होतो. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "पान्यात जायाचं आन् पानीच दिसनार नाय? मंग नांदगावलाच बरी व्हते की." नांदगाव तिचं माहेर. तिथे पाणी आठवड्याने येतं. मी त्या दोघांना खिडकीची खोली घेतली. या सहलीत नीट केलेली माझी गोष्ट ही एवढीच.

आता जे लपवलं होतं ते. आम्ही बौद्ध आहोत. वडील सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक होते आणि नव्वदच्या दशकात निवृत्त झाले. आमचं घर नाशिकरोडकडच्या एका कॉलनीत, आणि कॉलनीतल्या विहारात त्या सुमाराला श्रीलंकेचे एक भन्ते महिनाभर राहून गेले. जाताना त्यांनी वडिलांना केलनियाच्या विहाराचं एक चित्रकार्ड दिलं. पांढरा स्तूप आणि मागे निळं आभाळ. वडिलांनी ते टेबलाच्या काचेखाली ठेवलं. कधीतरी जायचं, असं ते म्हणायचे नाहीत. ते काहीच म्हणायचे नाहीत, फक्त काच पुसताना ती जागा दोनदा पुसायचे. बुद्धपौर्णिमेला ते आम्हाला पांढरे कपडे घालून पांडवलेण्यांवर न्यायचे. मीही जायचो, नोकरी लागेपर्यंत.

आमचं आडनाव गावावरून पडलेलं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये एका वरिष्ठाने विचारलं, "शेवटी 'कर' आहे, म्हणजे आमच्यातलेच की काय?" मी हसलो. हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. त्या एका हसण्यावर मी पंधरा वर्षं काढली. मला कुणी कधी त्रास दिला नाही, हेही लिहायला हवं. त्रास देण्याइतकं त्यांना माहीतच नव्हतं. वडिलांच्या घरी बुद्ध भिंतीवर होते. माझ्या फ्लॅटमध्ये ते टीव्हीशेजारी होते, मानेपर्यंतच, तांब्याच्या रंगाचे. येणारे म्हणायचे, "शोपीस मस्त आहे, कुठून घेतला?" मी दुकानाचा पत्ता द्यायचो.

तर कोलंबोत उतरून बघायच्या सहली तीन होत्या. ए, म्हणजे शहर आणि खरेदी. बी, म्हणजे केलनियाचा विहार आणि संग्रहालय. सी, म्हणजे हत्तींची पिल्लं, आणि त्यात अख्खा दिवस जायचा. दुसऱ्या बैठकीत एजंट म्हणाला, "प्रत्येकाने वेगळी घेतली तरी चालते. फॉर्मवर फक्त खूण करायची."

"हत्ती आपल्याकडे कुंभमेळ्यात फुकट दिसतात," परचेसवाला म्हणाला. "आणि विहार तर काय, पांडवलेणी आहेत की आपली. कुणी वर चढून जातं का? ए-च घ्या."

सगळे हसले. मीही.

मी वडिलांना फोन करून तिन्ही सहली वाचून दाखवल्या. त्यांनी बी परत वाचायला लावली. मग म्हणाले, "आम्हा दोघांचं बी कर. तुमचं तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवशी एजंटाच्या टेबलावर मी फॉर्म भरत होतो. परचेसवाला शेजारी उभा राहून माझ्या हाताकडे बघत होता. सहज बघत होता. त्याचा स्वतःचा फॉर्म भरून झाला होता. "काका-काकूंचं काय?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "सगळे ए." आणि चारही फॉर्मवर ए केली. मनात आलं ते असं: आई पांढरी साडी नेसून हात जोडून खाली बसेल, त्रिशरण म्हणेल, तिला तोंडपाठ आहे. आणि मग सोमवारी कॅन्टीनमध्ये कुणीतरी विचारेल. एवढंच आलं. याहून मोठं काही आलं असतं तर आज सांगायला बरं वाटलं असतं.

घरी बायकोने विचारलं, "बाबांचं बी केलंत ना?" मी हो म्हणालो. वडिलांनाही तेच सांगितलं. निघायच्या आदल्या दिवशी आणखी एक सांगितलं: आपण घरी एकमेकांना भेटल्यावर जे म्हणतो ते तिथे नको, नुसतं नमस्कार म्हणा. वडील म्हणाले, "बरं." त्यांनी कारण विचारलं नाही. त्यांच्या बॅगेत मी पाहिलं, तळाशी आईची पांढरी साडी आणि त्यांचा पांढरा सदरा-पॅंट वेगळ्या पिशवीत घडी करून ठेवले होते. पिशवीवर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी होती: कोलंबो.

नाशिकरोडहून एर्नाकुलमपर्यंत रेल्वे, तिथून बंदर. जहाज खरंच मोठं होतं. आईने पहिल्या दिवशी खिडकीपाशी खुर्ची ओढली आणि दोन तास नुसतं बघितलं. मग म्हणाली, "एवढं पानी, आन् प्यायला बाटली इकत."

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रत्येक खोलीत सहलींची तिकिटं पाकिटातून आली. वडिलांनी चष्मा लावला.

"हे ए आहे," ते म्हणाले.

"एजंटाने घोळ केलेला दिसतोय," मी म्हणालो. तो एजंट सज्जन माणूस होता. पुढे त्याच्या दुकानावरून जाताना मी पलीकडच्या फुटपाथने जायचो.

"बदलून देतात का विचारू या. चल, मी येतो."

"तुम्ही कशाला? मी जातो."

आणि मग ती खुर्ची, ती दहा मिनिटं.

मी परत येऊन जागा नाही म्हणालो तेव्हा आई म्हणाली, "जाऊ द्या, दुसऱ्या बशीतून दिसल कुठं तरी." वडील म्हणाले, "ठीक आहे."

सकाळी दोघंही पांढऱ्या कपड्यांत आले. जागा नाही म्हटल्यावर कपडे बदलतील असं मी धरून चाललो होतो. बसमध्ये एका सहकाऱ्याने हाक मारली, "काय काका, आज क्रिकेट आहे का?"

"धुतलेले हेच होते," वडील म्हणाले.

परचेसवाला आणि त्याची बायको बसमध्ये दिसले नाहीत. झोपले असतील, असं सगळ्यांनी ठरवलं. आम्ही शहर पाहिलं. रत्नांच्या दुकानात पाऊण तास, कपड्यांच्या मॉलमध्ये दीड तास. रस्त्यात एका कोपऱ्यावर छोटा विहार लागला, पांढरा घुमट, दारात फुलांच्या पाट्या. मी वडिलांच्या मागच्या सीटवर होतो. त्यांनी हात जोडले, पण खिडकीच्या खाली, मांडीवर, कुणाला दिसणार नाहीत असे. माझ्यासाठी. मॉलमध्ये ते बाहेरच्या बाकावर बसले. आईने चहाची दोन पाकिटं घेतली.

संध्याकाळी चहाला आई सोडून सगळे डेकवर जमलो, तेव्हा परचेसवाल्याची बायको फार खुशीत होती. तिच्या मनगटावर पांढरा दोरा होता.

"आम्ही विहार बघून आलो!" ती म्हणाली. "ह्यांना म्हटलं, मॉल काय आपल्याकडेही आहेत. सकाळी उतरता उतरता विचारलं, तर लगेच बदलून दिलं. बस अर्धी रिकामी होती."

माझा चहा हातात होता. मी तो प्यायलो.

"काय शांत वाटलं म्हणून सांगू! सगळे पांढऱ्या कपड्यांत. काका, तुम्ही असता ना, तर त्यांच्यातलेच वाटला असता."

"कमानीवर काय लिहिलं होतं?" वडिलांनी विचारलं.

"ते नाही बाई बघितलं. पण हे बघा." तिने पर्स उघडली. पिंपळाचं पान होतं. "खाली पडलं होतं, उचलून आणलं. तुम्हाला हवं का? माझ्याकडे दोन आहेत."

वडिलांनी दोन्ही हातांनी ते पान घेतलं. "उपकार झाले," म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. तेव्हाही नाही आणि मालदीवला काचेच्या तळाच्या बोटीत शेजारी बसून मासे बघितले तेव्हाही नाही. घरी आल्यावर मात्र नेहमीसारखे वागले. मला वाटलं, बस रिकामी असल्याचं ते वाक्य त्यांना ऐकूच आलं नसेल. वारा होताच.

नंतर चार वर्षांनी वडील गेले. परचेसवाला कॉलनीतल्या घरी आला. भिंतीवरच्या तसबिरी त्याने पाहिल्या, वंदना चालू होती, तो सतरंजीवर मांडी घालून शेवटपर्यंत बसला. निघताना दारात म्हणाला, "आधी सांगायचं ना रे. आम्ही पांढरे घालून आलो असतो." त्यानंतर तो माझ्याशी वेगळं वागतो का, यावर मी वर्षभर बारीक नजर ठेवली. थोडं कमी बोलायचा. पण मीही कमीच बोलायचो, त्यामुळे नक्की काही सांगता येत नाही.

महिन्याभराने आईने वडिलांच्या कागदांची फाइल माझ्याकडे दिली. पेन्शनची कागदपत्रं, विजेची बिलं आणि तळाशी जहाजावरचं एक दुमडलेलं पत्रक. दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम सांगणारं इंग्रजी पत्रक रोज रात्री जेवणाच्या सुमाराला दाराखालून सरकवत. हे कोलंबोच्या आदल्या रात्रीचं होतं. आत ते पान होतं, जाळी उरलेलं. पत्रकात मधोमध ओळ होती: बी सहलीत जागा शिल्लक आहेत, सकाळी निघेपर्यंत काउंटरवर चौकशी करावी.

ही ओळ त्यांच्या नजरेतून सुटली असेल, असं मी काही मिनिटं मानून पाहिलं. पण त्या पत्रकावर पेन्सिलीने दोन दुरुस्त्या होत्या. वर एक स्वल्पविराम घातलेला आणि खाली, जेवणाच्या वेळांमध्ये, एका शब्दाचं स्पेलिंग सुधारलेलं. म्हणजे त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं होतं, त्याच रात्री. पाचवा मजला त्यांच्या खोलीपासून एक जिना वर होता. ते गेले नाहीत. गेले असते तर मी काउंटरवर गेलोच नव्हतो हे उघड झालं असतं. सकाळी पांढरे कपडे घातले आणि माझ्याबरोबर मॉलला आले.

आईला त्यांनी सांगितलेलं दिसत नाही. तिला इंग्रजी वाचता येत नाही, आणि त्या संध्याकाळी डेकवर गार वारा लागतो म्हणून ती खोलीतच थांबली होती. आता ती ऐंशीच्या पुढे आहे. कॉलनीत कुणी सिलोनचा विषय काढला की ती मोठ्या उत्साहाने सगळं सांगते, खिडकी, बाटलीचं पाणी, बाकावर बसलेले वडील. आणि शेवटी म्हणते, "इहार तेवढा राहिला. माझ्या लेकानं लय खटपट केली, पन बशीत जागाच नव्हती."

मी तिथे असलो तर मान डोलावतो. मागच्या रविवारीही डोलावली.

बसमध्ये जागा होती आणि मी विचारायला गेलो नव्हतो, हे मला तिला सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.