विनेलचं शेवटचं गांडूळ

जुलै लागला की बर्ल स्ट्रिकलंडच्या तलावाकाठच्या दुकानात भल्या सकाळी माणसं भांडायला जमतात. भांडण कशावरून, तर गळाला लावायच्या रबरी गांडुळांच्या रंगावरून. पाणी गढूळ असेल तर काळं-निळं, नितळ असेल तर कलिंगडी हिरवं, ऊन चढलं की चमकीवालं, असं प्रत्येकाचं शास्त्र असतं आणि दुसऱ्याचं शास्त्र म्हणजे निव्वळ थापा. बास मासा उन्हाळ्यात खोल पाण्यात जाऊन सुस्तावतो आणि त्याच्या तोंडासमोरून मऊ गांडूळ अगदी सावकाश न्यावं लागतं, एवढ्यावर मात्र सगळ्या तलावाचं एकमत आहे.

हॉलिस टॅडलॉक या भांडणात पडत नसे. तो आपला पाकिटांच्या भिंतीसमोर उभा राहायचा.

"बघायला आलायस की घ्यायला?" बर्ल विचारायचा. "भिंतीला नजर लागेल बाबा."

"हिरवं दे एक पाकीट."

"गेल्या आठवड्यातलं संपलं?"

"फोडलंच नाही अजून. पण दे."

खरी गोष्ट अशी की गेल्या वर्षापर्यंत हॉलिसने उभ्या आयुष्यात गांडुळं विकत घेतली नव्हती. त्याची बायको विनेल ती घरी ओतायची. गाडीच्या शेडमध्ये, खिडक्या सताड उघड्या टाकून, जुन्या पातेल्यात पातळ प्लास्टिक तापवायचं आणि साच्यात सोडायचं. दुकानातल्या प्रत्येक जांभळ्यात तिला खोट दिसे. तिला कुंपणावरच्या रानद्राक्षांचा रंग हवा होता, वरून जांभळा आणि उजेडात धरला की तपकिरी. "माशाला काय कळतंय त्यातलं?" हॉलिस म्हणायचा. "माशाला नसेल कळत, मला कळतं ना!" ती म्हणायची, आणि अख्खा घाणा पुन्हा वितळवायची. शेवटी तो रंग तिला साधला. त्यात चिमूटभर सोनेरी चमकी आणि बडीशेपेच्या तेलाचे थेंब. त्या तेलाचा वास शेडला यायचा, हॉलिसच्या शर्टांना यायचा, विनेलच्या केसांना यायचा. चर्चमध्ये पुढच्या बाकावरच्या बायका मागे वळून बघत.

दोघांची आणखी एक खोड होती. नाताळ संपला की तिथले लोक घरातलं झाड सिमेंटचा ठोकळा बांधून तलावात बुडवतात. फांद्यांच्या आडोशाला मासे राहायला येतात, आणि झाड कुठे बुडवलं ते माणूस सख्ख्या भावालाही सांगत नाही. टॅडलॉकांचं झाड सजायचं ते वर्षभरात माशांनी चावून ठेवलेल्या गांडुळांनी. झाड पाण्यात सोडण्याआधी विनेल सगळी काढून घ्यायची, पण वरच्या फांदीला एक ठेवायची. "माशांना घर ओळखू यायला नको का? तू उंच, तू लाव." हॉलिस लावायचा. लग्नानंतरचा त्यांचा जवळजवळ प्रत्येक नाताळ असा तलावाच्या तळाशी उभा होता.

गेल्या वर्षी मार्चमध्ये विनेल गेली. त्यानंतरच्या नाताळात घरात झाड आलं नाही. तिच्या हातची द्राक्षी गांडुळं एका पाकिटात उरली होती. ती गळाला लावून मासे धरायचे हे हॉलिसच्या मनातही येईना. रविवारी पाकीट उघडायचं, वास घ्यायचा आणि पटकन बंद करायचं. वास उडून जाईल याची त्याला धास्ती असे.

मग या उन्हाळ्यात ते पाकीट फाटलं, आणि या शहाण्याने ती गांडुळं सामानाच्या डब्यात, दुसऱ्या जातीच्या लवचिक रबराच्या आमिषांशेजारी, एकाच कप्प्यात ठेवली. तलावाकाठचं शेंबडं पोरसुद्धा हे करत नाही. ती दोन रबरं एकमेकांना टेकली की एकमेकांना खातात. वर डबा गाडीत, आणि गाडी अलाबामाच्या उन्हात. दोन दिवसांनी झाकण उघडलं तेव्हा कप्प्यात हिरवट जांभळा चिकटा होता. हॉलिस त्यात बोट घालून कितीतरी वेळ उभा राहिला. बडीशेपेचा वास अजून येत होता, आणि तेच त्याला सहन होईना.

आता एकच उरलं. शेडमध्ये दोन खिळ्यांवर विनेलची गळाची काठी होती, आणि तिच्या तंगुसाच्या, म्हणजे गळाच्या दोरीच्या, टोकाला तिनेच शेवटच्या खेपेला ओवलेलं गांडूळ होतं, गळाचं टोक तिच्या पद्धतीने आत दडवलेलं. ती गाठही तिचीच होती. हॉलिसने त्याला कधी हात लावला नव्हता.

बर्ल टोमॅटो द्यायला आला तेव्हा त्याने काठीकडे पाहिलं. गांडूळ धुळकटलं होतं, जरा आक्रसलं होतं.

"पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तडकणार हे, हॉलिस."

"तडकू दे."

"तिने माशांसाठी केलं होतं रे. भिंतीला टांगायला नाही. तिला कळलं ना, तर तुझी काही धडगत नाही."

"तुझे टोमॅटो किडके आहेत. घेऊन जा."

बर्लने टोमॅटो तिथेच ठेवले आणि तो गेला. टोमॅटो किडके नव्हते. हॉलिसने मीठ लावून उभ्या उभ्या खाल्ले, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच विनेलची काठी घेऊन होडी पाण्यात ढकलली.

चर्चचा कळस आणि पाण्याची टाकी एका रेषेत आली, ही त्यांच्या बुडवलेल्या झाडांची खूण, तिथे तो थांबला. गांडूळ तळहातात धरून त्याने ते ऊब देऊन मऊ केलं. किंचित वास आला. फेक चांगली पडली. शिसं तळाला टेकलं. त्याने काठी हळूहळू उचलली. एक फांदी लागली, दुसरी लागली. कुठल्या नाताळची, कोण जाणे. मग टक् झालं. त्याने झटका दिला आणि क्षणभर काठी जिवंत झाली. मासा मोठा होता. तो सरळ झाडात घुसला, गळ फांदीत रुतवला आणि स्वतः सुटून गेला.

अडकलेला गळ सोडवायला प्रत्येक होडीत दोरी बांधलेलं जड वजन असतं. हॉलिसने ते बाहेर काढलं. दोन-चार धक्के दिले असते तर गांडूळ वर आलं असतं, आणि पुन्हा दोन खिळ्यांवर गेलं असतं. तंगूस बोटाला ताणून तो तसाच बसला. तळाशी तिचं झाड होतं आणि वर तो होता, मध्ये तिचीच गाठ. तू उंच, तू लाव. त्याने वजन खाली ठेवलं, कात्री घेतली आणि तंगूस कापलं. मग तो रडला, आजूबाजूला कोणी नव्हतं म्हणून मनसोक्त रडला.

दुपारी दुकानात बर्लने त्याच्या डोळ्यांकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"लागला का एखादा?"

"लागला होता. झाडात गेला."

"आणि गांडूळ?"

"झाडावर ठेवलं."

बर्ल गल्ल्याचं टेबल पुसू लागला. पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं.

"या नाताळात झाड तोडायला येऊ का मी?"

"तोडायला ये," हॉलिस म्हणाला. "बुडवायला मी एकटा जाईन. जागा कोणाला दाखवायची नाही, असं तिने बजावलंय."