ऊन नको, चूल नको, हळद नको

ती दुपार आजही येते. बहुधा जेवणानंतर डोळा लागतो तेव्हाच. अंधारी खोली, खिडक्यांना ओले पडदे, टेबल फॅनची घरघर आणि तीन खाटांवर निजलेल्या तीन बायका. डोळ्यांवर कापसाचे बोळे. चेहरे पांढरे, रंग द्यायच्या आधी शाडूच्या मूर्ती असतात तसे. कुणी बोलत नाही. मी दारात उभा असतो आणि पाऊल आत पडत नाही.

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांच्याबद्दल कुणी विचारलं तर खुशाल सांगतो. या प्रकरणाबद्दल आजवर गप्प राहिलो. मुदतीआधी निवृत्ती का घेतली, असं लोक विचारतात. तब्येतीचं कारण सांगतो. ते अर्धं खरं आहे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. जालन्यात एका ठाण्याला मी फौजदार होतो. आमचा एक खबऱ्या रिक्षा चालवायचा. उन्हाळ्यात एका सकाळी तो ठाण्यात आला आणि हवालदारांच्या टेबलाला टेकून म्हणाला, "साब, स्टेशन रोडच्या मागं एक घर हाये. भर दिवसा खिडक्या बंद. बाया तोंड झाकून येतात अन् तोंड झाकूनच जातात. कुछ तो गडबड हाये."

हवालदार निवृत्तीला आलेले, मुरलेले. ते म्हणाले, "साहेब, धंदाच दिसतो."

दोन पंच आणि महिला शिपाई सोबत घेऊन भर बारा वाजता आम्ही छापा घातला. दार नुसतं लोटलेलं होतं. आत गुलाबपाण्याचा वास आणि ती खोली. बाहेरच्या फुफाट्यातून एकदम थंड अंधारात गेल्यावर क्षणभर आपण कुठे आहोत तेच कळेना. हवालदारांनी डोक्यावरची टोपी काढली, कानाशी लागून पुटपुटले, "साहेब, जित्या हायेत ना ह्या?"

मधल्या खाटेवरच्या बाईचं पोट हसण्याने हललं. तिसऱ्या खाटेवरचीने पायाची बोटं आखडून घेतली. बाकी काही हाललं नाही.

आतल्या दारातून पंचेचाळिशीची एक बाई आली. अंगावर पांढरा डगला, हात कोपरापर्यंत धुतलेले. "आवाज नका करू साहेब," ती हळू म्हणाली. "लेप वाळून राह्यला. त्या बोलल्या की भेगा पडतात."

औरंगाबादला एका कातडीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात तिने बारा वर्षं मदतनीस म्हणून काढली होती. फळांच्या आंबटापासून केलेलं एक औषध ती पातळ करून चेहऱ्याला लावायची, मोजून काही मिनिटांनी धुवायची, वर थंड लेप द्यायची. "कातडीचा वरचा जुना थर निघून जातो. वांग फिके होतात, बारक्या सुरकुत्या कमी दिसतात. जादू न्हाई साहेब. कांद्याचं वरलं साल निघावं तसं."

आम्ही हात हलवत परत आलो. जीपमध्ये हवालदार स्वतःशीच हसत होते. "आमच्या मंडळीला पाठवावं म्हन्तो. पण एका खेपेत व्हनार न्हाई, चार थर हायेत."

त्याच दुपारी मला परस्पर अंबडकडे बंदोबस्त लागला. बारा-तेरा दिवसांनी घरी आलो, तर खिडक्यांना चादरी लावलेल्या. "उन्हानं डोकं दुखतं," बायको म्हणाली. मी बरं म्हणालो आणि आंघोळीला गेलो.

त्यानंतर दोन दिवसांनी वाटूरकडचे एक जमीनदार शेतकरी बायकोला घेऊन ठाण्यात आले. पन्नाशीची बाई. पदर बाजूला केला तेव्हा महिला शिपायाच्या तोंडून "अगंबाई" निघालं. दोन्ही गाल काळे-लाल, सोललेले, एका बाजूला पाणी धरलेलं. घरात मुलाचं लग्न आठ दिवसांवर आलेलं.

"तेजाब लावलं साहेब माझ्या मंडळीला," नवरा टेबलावर हात आपटत म्हणाला. "फेशियल सांगितलं अन् तेजाब लावलं. वरमाय हाय ती! काय तोंड दाखवावं आम्ही मांडवात? अंदर करा त्या बाईला."

फिर्याद नोंदली. फसवणूक, निष्काळजीपणाने दुखापत. त्या लेपवाल्या बाईला ठाण्यात आणलं. पांढरा डगला नव्हता, त्यामुळे ती एकदम लहान दिसली.

"काय लावलं सांगितलं नाही, काळजी काय घ्यायची तेही सांगितलं नाही, अशी फिर्याद आहे," मी म्हणालो.

"सांगितलं होतं. कागद देते मी लिहून. हरेकीला."

"कुठाय तो?"

"त्यांच्यापाशी. माझ्यापाशी कशाला ऱ्हाईल?"

"मग दुसऱ्या गिऱ्हाइकाचा आणा. नावं सांगा."

ती डोक्यावरचा पदर नीट करत राहिली. मी आवाज चढवला.  ती म्हणाली, "नावं इचारत न्हाई मी. अन् म्हाईत असली तरी सांगणार न्हाई. त्याच भरवशावर येतात बाया."

"आत जाल."

"जाईन. पण एक करा. कानामागं बघा त्या बाईच्या. पयल्यांदा मी तिथं थेंब लावते. दोन दिवस थांबते. कातडीनं सोसलं तर मंग चेहरा. पावलीएवढा फिका डाग ऱ्हातो. फसवायचं असतं तर दोन दिवस कशाला थांबले असते?"

बोलताना ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. घाबरली आहे, असं मी समजलो.

महिला शिपायाने पाहिलं. डाव्या कानामागे डाग होता. मी नवऱ्याला चहाला बाहेर धाडलं आणि त्या वरमाईला विचारलं. आधी रडली, मग घडाघडा बोलली.

"कागद दिल्ता साहेब. वाचला बी. मंग चुलीत टाकला. जावांना सापडला असता तर हसून हसून मारलं असतं मला. म्हन्ल्या असत्या, सून यायच्या टायमाला सासूला नटायचंय."

पुढचं सगळं त्यातूनच घडलं होतं. तिसऱ्या दिवशी देवाला पहिली अक्षत द्यायची होती. वरमाय नाही कशी म्हणणार? भर उन्हात अनवाणी दोन कोस गेली. पाचव्या दिवशी मुहूर्ताची हळद दळली, तेव्हा जावांनी थट्टेत मूठभर तिच्याच गालांना फासली. नको म्हणावं तर कारण सांगावं लागलं असतं. ती हसत उभी राहिली. मग बुंदीच्या भट्टीपाशी दोन दिवस.

"हे जबाबात लिहू?"

"नगा साहेब. लगीन हाय घरात. मालक काय म्हन्तील?"

नवरा चहा घेऊन आला. त्याच्यासमोर बाई जे बोलली तेवढंच मी लिहून घेतलं. मनाशी म्हणालो, दुसऱ्या एखाद्या गिऱ्हाइकाचा कागद मिळाला की आपोआप तोल साधेल. खरंच तसं ठरवलं होतं. डॉक्टर नसताना तिने ते औषध लावणं चूक होतं, त्याची शिक्षा तिला व्हायला हवी होती. पण न सांगता लावलं, फसवून लावलं, हे खोटं होतं. सगळा फरक त्या एका कागदाचा होता.

त्या संध्याकाळी घरी बायको अंगणात वेणी घालत होती. केस पुढे घेतलेले. डाव्या कानामागे पावलीएवढा फिका डाग.

मी बूट सोडत होतो, ते तसेच सोडत राहिलो. मागची दिवाळी आठवली. ठाण्याच्या फराळाला नवीन आलेल्या एका अधिकाऱ्याने माझ्या बायकोला नमस्कार करून विचारलं होतं, "या आपल्या थोरल्या भगिनी का?" सगळे हसले. सगळ्यांत आधी मी हसलो होतो.

सकाळी खुर्चीवर इस्त्रीचा गणवेश ठेवलेला, आणि त्यावर चार घड्या घातलेला कागद. वहीचं पान. गोल, सावकाश अक्षर. "पंधरा दिवस ऊन नको, चूल नको, हळद नको. चोळू नये. साल आपोआप गळू द्यावं. आग झाली तर गार पाण्याची पट्टी ठेवून माझ्याकडे यावं, लाजू नये."

दोनदा वाचला. तो दाखल करायचा म्हणजे कुठून आला ते लिहायचं. फौजदाराची बायको साक्षीच्या पिंजऱ्यात, वकील तिच्या गालांबद्दल विचारणार, हवालदार ऐकणार. मी कागदाच्या घड्या पुन्हा घातल्या, कपाटात अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली सरकवला, गणवेश चढवला आणि म्हणालो, "चहा दे."

तिने दिला. कप ठेवताना माझ्या खिशाकडे पाहिलं. 

ठाण्यात गेल्यावर त्या लेपवाल्या बाईला बोलावून सांगितलं, "कबूल करून टाका. दंडावर भागेल. खटला लांबवला तर हाल होतील." तिच्या भल्याचं सांगतो आहे, असा आवाज मी काढला. तो आवाज आम्हाला चांगला काढता येतो.

तिने विचारलं, "कागद कुठंच सापडला न्हाई का साहेब?"

"नाही."

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग मान हलवली. "बरं. मंग नका कुणाला तरास देऊ."

तिला सगळं ठाऊक होतं, हे मला त्या क्षणी कळलं. कुणाची बायको कोण, हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. एक नाव घेतलं असतं तर फसवणुकीच्या आरोपातून ती सुटली असती.

दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद. म्हणजे दिवसभर कोर्टात बसून राहायचं. शेवटच्या बाकावर तोंडावर पदर घेऊन ती संध्याकाळपर्यंत बसली. तिच्याकडे तोंड झाकून येणाऱ्या बायका त्या रस्त्याने रोज जायच्या, त्या दिवशी एकही आत डोकावली नाही. गावात तिचं नाव तेजाबवाली पडलं. दसऱ्याआधी खोली रिकामी झाली. कुठे गेली, मी विचारलं नाही. चांगल्या तपासाबद्दल वरिष्ठांनी शाबासकी दिली, ती घेतली.

गेल्या उन्हाळ्यात मी दुपारच्या झोपेतून दचकून उठलो. बायको शेजारी गहू निवडत होती. तिने विचारलं, "तीच खोली का?" मी तिला त्या खोलीबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं.

"झोपेत बोलता तुम्ही," ती म्हणाली. "जित्या हायेत ना, म्हणता."

मग सुपातून नजर न काढता म्हणाली, "मी तिसऱ्या खाटेवर होते. डोळ्यांवर कापूस होता, पण बुटांचा आवाज ओळखला मी तुमच्या. म्हटलं, आता पायांवरून ओळखतील. घाबरले, बोटं आखडली. तुम्ही गेलात तेव्हा बरंही वाटलं अन् वाईटही."

"कागद दाखवायचा होतास," मी म्हणालो. माझं मलाच ऐकवेना.

"ठेवला होता की, कपड्यांवर. ती कागदावाचून अडकलीय, हे तुमच्या महिला शिपायाकडून कळलं होतं मला. साक्षीला यायचं म्हणून पातळसुद्धा काढून ठेवलं होतं. दिवसभर वाट बघितली, जीप येईल म्हणून."

ती घाबरेल म्हणून मी गप्प बसलो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो होतो. तीन बायका त्या प्रकरणात होत्या. एक नवऱ्याला भ्यायली. दुसरीने आपला शब्द राखला. तिसरी साक्षीचं पातळ काढून ठेवून वाट बघत बसली. लाज वाटली ती फक्त गणवेशातल्या माणसाला. माणसं काय लपवतात हे शोधण्यात मी उमर घालवली. माझ्या खुर्चीवर कुणीतरी उघड ठेवलेलं मला उचलता आलं नाही. या प्रकरणाने शिकवलं ते एवढंच, आणि फार उशिरा.

आमच्या कागदपत्रांत एक ठरलेलं वाक्य असतं, 'शोध घेतला, मिळून आला नाही.' त्या प्रकरणात ते माझ्या अक्षरात आहे, खाली माझी सही आहे. काल कपाटातलं वर्तमानपत्र उचललं. घड्यांवर कागद पिवळा झाला आहे, अक्षर स्वच्छ आहे. तो माझ्या राहत्या घरात, माझ्याच हाताने ठेवलेल्या जागी मिळून आला, असं आज लिहून देतो.