पत्त्यांचे कप्पे

"हे आलं कुठून, ते आधी सांग." आमचे डेटाबेसवाले काका चष्मा कपाळावर चढवून हे विचारायचे, मग पुढचं बोलणं. खिदिरपूरच्या त्या मालवाहतूक कंपनीत मराठी आम्ही दोघंच, तरी माझ्या घरचा चिवडासुद्धा ते चौकशी केल्याशिवाय तोंडात टाकत नसत. असा एक संशयी माणूस तुमच्याही ऑफिसात असेलच.

कुठल्या कॉम्प्युटरवरून काय उघडलं, याच्या नोंदी एका अवाढव्य टेबलात, म्हणजे तक्त्यात, साठायच्या. त्यात काही शोधायचं म्हणजे चहा निवून जायचा. नेटवर्कवर प्रत्येक कॉम्प्युटरला आकड्यांचा एक पत्ता असतो; काकांनी त्या पत्त्यांप्रमाणे टेबलाचे कप्पे पाडले. गार्डन रीच शाखेचा एक, डमडम शाखेचा एक, आमचा एक. हव्या त्या कप्प्यातच शोध, उत्तर चुटकीसरशी. "आता चोराने लपून दाखवावं," म्हणाले. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग एका गिऱ्हाइकाच्या मालाची माहिती बाहेर फुटली. काकांनी शोध घेतला, नोंद गार्डन रीचच्या कप्प्यात निघाली. त्या वेळी तिथे एकच मुलगी कामावर होती. तिला घरी बसवलं. "साधी दिसतात तीच बेरकी असतात रे," काका मला म्हणाले.

पण मेली संशयाची खोड काकांनाही स्वस्थ बसू देईना. त्यांनी नोंद पुन्हा उघडली आणि मला हाक मारली. "पत्त्याचा शेवट बघ." शंभर. गार्डन रीचचे पत्ते दहा ते वीस, शंभर म्हणजे आमच्याच ऑफिसच्या दारापाशी ठेवलेला कॉम्प्युटर, ज्यावर कुणीही बसायचं. काकांनी पत्ते आकडे म्हणून न ठेवता अक्षरं म्हणून ठेवले होते. शब्दकोशासारखा क्रम लागला आणि एकाने सुरू होणारा शंभर दहा-विसाच्या मधे जाऊन बसला.

"सगळ्या जगावर संशय घेतला, माझ्या कप्प्यांवर नाही घेतला," काका म्हणाले. मला त्यांची फार कीव आली.

साहेबांसमोर त्यांनी चूक कबूल केली. मुलगी कामावर परतली, तेव्हा मला घेऊन गार्डन रीचला गेले आणि तिची हिंदीत माफी मागितली. ती म्हणाली, "नोकरी परत मिळाली, सर. पण सासूबाई अजून मी आले की कपाटाला कुलूप लावतात."

सगळे कप्पे नीट लावून त्यांनी राजीनामा दिला. निरोप समारंभ नको म्हणाले, नागपूरला निघून गेले. दारापाशी कोण बसलं होतं ते कळलं नाही. आम्ही एकमेकांकडे तिरकेच बघतो.

ती मुलगी गार्डन रीचलाच आहे. कुणाचं काही सापडेनासं झालं, की कुणी न विचारताच स्वतःची पर्स टेबलावर उपडी करते.