पहिल्या गिअरातली शर्यत

माझ्या साडूभाऊंइतक्या सावकाश मोटार चालवणारा माणूस वऱ्हाडात दुसरा झाला नाही, आणि तरी शर्यतीत उतरले तेच. वडिलांकडून आलेली त्यांची उघड्या टपाची काळी मोटार चाळीस वर्षं अमरावतीतले नवरदेव मिरवत आली. मोबदला म्हणाल तर टॉवेल-टोपी आणि पंगतीत पहिला मान. पुढे बँड, मागे वऱ्हाडी आणि मधे साडूभाऊ पहिल्या गिअरात. बाकीचे गिअर त्यांनी जपून ठेवले होते. बाजारात जाताना सायकलवाला पुढे गेला तर म्हणायचे, "जाऊ दे ना बाप्पा, त्याले घाई असंन."

त्यांच्या मुलाला मात्र अंगणातली जागा हवी होती. "बाबा, गाडी इकून टाका आता," तो रोज म्हणायचा. शेवटी साडूभाऊ पेटले. नागपूरहून अकोल्यापर्यंत जुन्या मोटारींची शर्यत निघणार होती. "पाचच्या आत अकोल्याले पोचलो तं गाडी राहीन. नाई तं खुशाल इक," त्यांनी शब्द दिला आणि वाट दाखवायला मला शेजारी बसवलं.

अमरावतीपर्यंत आम्ही चक्क तिसऱ्या गिअरात आलो. दुपारी मूर्तिजापूर मागे पडलं, तेव्हा मी मनातल्या मनात हारही घालून घेतला होता. तेवढ्यात बाजूच्या रस्त्यावरून वरात आली. बँड वाजला आणि साडूभाऊंचा हात आपोआप गिअरवर गेला. वरात गावाकडे वळली, तिच्यामागे आम्हीही वळलो.

"भाऊ, अकोला तिकडे हाय!" मी म्हणालो. तोवर नवरदेवाच्या बापाने न बोलावता आलेली मोटार पाहून त्याला घोड्यावरून उतरवून मागच्या सीटवर बसवलं होतं.

"भाऊ, पाच वाजतीन. गाडी जाईन हातची."

साडूभाऊंनी आरशात मागे पाहिलं. "मालूम हाय मले. पण नवरदेव बसला ना मांगं. त्याले उतरवू काय?"

मांडव, अक्षता, पंगत असं सगळं यथासांग उरकून आम्ही अकोल्याला पोहोचलो, तेव्हा तिथली टेबलंसुद्धा उचलली होती. साडूभाऊंचा मुलगा एकटाच उभा होता. साडूभाऊंनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली. त्याने नको म्हटलं, दोनदा म्हटलं, पण शब्द म्हणजे शब्द. महिन्याभरात मोटार गेली.

आता गल्लीतून वरात निघाली की साडूभाऊ फाटकाशी येऊन उभे राहतात. मला त्यांच्याकडे बघवत नाही. डावा पाय क्लचवर असावा तसा हलकेच दाबलेला असतो, आणि बँड वळणाआड जाईपर्यंत ते तो उचलत नाहीत.