दोरीदादानं नांगर सोडला

खरं नाव मतदार यादीत होतं, बाकी सगळे त्याला दोरी म्हणायचे. मान द्यायचा असला तर दोरीदादा. गावात बहुतेकांची नांगरट तोच करायचा. ट्रॅक्टरला नांगर जोडून तो शेतात उतरला की नांगरामागे मातीत तास निघायचे ते दोरी ताणून धरल्यासारखे. बांधावर उभं राहून बघावं, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तास इकडचा तिकडे झालेला नसायचा. लोक आलेल्या पाहुण्यांना मुद्दाम त्याची नांगरट दाखवायला न्यायचे. सासऱ्यांनी म्हणे मुलगा पाहिलाच नव्हता, नांगरलेलं शेत पाहिलं आणि सोयरीक ठरवली. बायको पुढे आयुष्यभर म्हणायची, "तास सरळ, पण माणूस तिरका. आमच्या बाबांनी बघायचं ते सोडून भलतंच बघितलं."

ती गेली, आणि घरात असं बोलणारं कुणी उरलं नाही. मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात. ती सुट्टीच्या दिवशी फोन करायची.

तसा तो अगदीच एकटा नव्हता. धाकटा भाऊ भिंतीपलीकडेच राहायचा. वडिलांच्या माघारी दोघांनी घराच्या मधोमध भिंत घातली, जमिनीच्या मधोमध बांध घातला. भाऊबंदकीची सगळी तयारी झाली होती, फक्त भांडण तेवढं झालं नाही. वरचा तुकडा धाकट्याला, खालचा याला. बायको गेल्यापासून भावजय रोज संध्याकाळी झाकलेलं ताट आणून ओट्यावर ठेवायची. "भाऊजी, गरम आहे तोवर खा," एवढंच म्हणायची आणि वळायची. तेवढं त्याला पुरत होतं.

मग ती दुपार आली. सगळीकडे नांगरट नुकतीच उरकली होती आणि आभाळ फाटावं तसा पाऊस कोसळला. तासाभरात थांबलाही. दोरीदादा दुसऱ्याच्या शेतावरून ट्रॅक्टर घेऊन परतत होता. रस्त्याखालच्या मोरीपाशी त्याला थांबावंच लागलं, कारण मोरी तुंबून पाणी रस्त्यावर आलं होतं. पाणी तरी कसलं, दाट, तांबूस, आमटीसारखं. तो खाली उतरला, त्यात हात घातला आणि मुठीत माती आली. हीच माती त्यानं आदल्या दिवशी भुसभुशीत केली होती.

ती येत होती मास्तरीणबाईंच्या शेतातून. मास्तरीणबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. त्यांचं शेत उतारावर. उतारावर सरळ तास घालायचे तर वरून खाली घालणं सोपं, म्हणून यानं वर्षानुवर्षं तसेच घातले होते. आता प्रत्येक तासाची घळ झाली होती. तळाला पिवळा मुरूम उघडा पडला होता. बाई छत्री मिटून बांधावर उभ्या होत्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "काय सरळ रेघा आहेत रे तुझ्या. पाणी एकदासुद्धा अडखळलं नाही."

घरी आला, ताट आलं, ते त्यानं तसंच झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो शेतीखात्याच्या मॅडमकडे गेला. ही तरुण बाई वर्षभर गावोगाव सांगत फिरत होती, की नांगरू नका, पिकाची धसकटं जागेवर राहू द्या, जमीन उघडी ठेवू नका. तिच्या सभेत सगळ्यात मोठ्यानं हसलेला माणूस हाच होता. म्हणाला होता, "मॅडम, न्हाव्याला दाढी वाढवायला सांगताय." आता तो दारात चप्पल काढून उभा राहिला.  तिनं फावडं घेतलं आणि त्याला कुंपणाकडेला घेऊन गेली, जिथं कधी नांगर फिरला नव्हता. एक ढेकूळ उचलून पाण्याच्या बादलीत टाकलं. ते तसंच राहिलं. मग पलीकडच्या नांगरलेल्या शेतातलं टाकलं. ते बघता बघता विरघळून गेलं.

"काका, मुळं आणि गांडुळं मातीला धरून ठेवतात," ती म्हणाली. "आपण दरवर्षी त्यांचं घर मोडतो."

"दरवर्षी कसलं," तो म्हणाला, "मी तर सगळ्या गावाचं मोडलं."

माणूस एक घाव दोन तुकडे करणारा. त्यानं नांगर सोडवून घरामागे टाकला तो टाकलाच. दुसऱ्यांची नांगरट बंद. मक्याची कापणी झाल्यावर धसकटं तशीच ठेवली, मधे चवळी पसरू दिली आणि पुढच्या हंगामात त्या पाचोळ्यातूनच बी पेरलं. मास्तरीणबाईंच्या शेतातही तसंच केलं. त्या म्हणाल्या, "कर बाबा. घालवलंस तू, आता राखूनही तूच दे."

पहिलं वर्ष वाईट गेलं. तण माजलं, पाचोळ्यात उंदीर झाले, मका विरळ उगवला. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, की या घरातलं कुणीतरी गेलंय आणि शेताकडे बघायला माणूस नाही. चहाच्या दुकानात त्याची रोजची बाकावरची जागा होती. तिथं कुणीतरी म्हणालं, "दोरी तुटली वाटतं."

"तुटली नाही, सैल केली," तो म्हणाला. सगळे हसले. पण नंतर त्याच्या लक्षात आलं, की तो आला की बाकावरचे लोक एकेक करून कामं आठवून उठतात. ज्यांची नांगरट त्यानं नाकारली होती ते तर ओळखच दाखवेनात. मग त्यानंच चहाला जाणं सोडलं.

खरा घाव घरातूनच बसला. धाकट्याच्या शेतात उंदरांनी उगवण खाल्ली. तो बांधावर आला.

"दादा, हे तुझे पाळलेले आहेत. आवर त्यांना."

"उंदीर सगळीकडे असतात रे."

"असतात, पण त्यांना कुणी घर बांधून देत नाही! लोक तोंडावर विचारतात मला, भावाचं डोकं फिरलं का म्हणून. काय सांगू?"

"सांग, फिरलं म्हणून."

"वहिनी असती तर ही वेळ आली नसती."

हे त्यानं बोलायला नको होतं. दोरीदादा म्हणाला, "तिला मधे आणू नकोस. तू तुझं नांगर, मी माझं बघतो. बांध त्यासाठीच घातलाय."

त्या संध्याकाळी ताट आलं नाही. त्यानं वाट पाहिली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला? दुसऱ्या दिवशीही आलं नाही, तेव्हा त्यानं बायकोच्या हातचे डबे एकेक उघडून बघितले. कशात काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. करपलेलं, अळणी, कसंबसं शिजवायला शिकला. भिंत पातळ होती. पलीकडे टीव्ही लागायचा, भावजय मुलींवर ओरडायची, धाकटा जोरात हसायचा. कधी त्यांचं एखादं वाक्य अर्धंच ऐकू यायचं, आणि ते कशाबद्दल असेल याचा विचार करत तो जेवायचा. एकदा पलीकडे कुणाला तरी सारखा खोकला येत होता. तो उठून भिंतीपाशी गेला, थांबला, आणि परत येऊन बसला.

मास्तरीणबाईंकडे तरी बोलणं व्हायचं. पण त्यांचा मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. शेत ज्याला कसायला दिलं, त्यानं आल्या आल्या ते नांगरलं. वरून खाली, आणि तासही वाकडे.

वर्षं गेली. त्याच्या शेतातलं तण हळूहळू कमी झालं. मातीत हात घातला की ती आता हाताला लागायची, पूर्वी नुसती बोटांतून गळून जायची. एका खरीप हंगामात पावसानं दडी मारली. सगळ्यांच्या मक्याच्या पानांच्या सुरळ्या झाल्या. याच्याही झाल्या, पण बऱ्याच उशिरा, आणि पाचोळा बाजूला केला तर खाली गार ओल होती. पीक काही भरघोस आलं नाही. आलं एवढंच. पण त्याला हे कुणाला तरी सांगायचं होतं. फोन आला तेव्हा त्यानं मुलीला सांगितलं.

"जमिनीला वास येतोय ग आता. जंगलासारखा."

"हो? छान. बाबा, गोळी घेताय ना रोज?"

"घेतो. गांडुळं पण खूप झालीत."

"बरं बरं. जेवण नीट करा."

त्यानं फोन ठेवला. मुलीचं काही चुकलं नव्हतं. गांडुळांवर कुणी किती बोलणार?

त्याच वर्षी शेवटी पाऊस आला तो एकदमच, आणि थांबेचना. सकाळी उघडीप झाल्यावर दोरीदादा शेतात गेला, तर वरचा बांध मधोमध फुटलेला. धाकट्यानं रब्बीसाठी नांगरून ठेवलेली सगळी वरची माती वाहून खाली आली होती. पण ती मोरीपर्यंत गेलीच नव्हती. याच्या धसकटांत, चवळीच्या वेलांत अडकून तिचा थर बसला होता, आणि शेताच्या खालच्या कडेला पाणी निथळत होतं ते नितळ.

धाकटा फुटलेल्या बांधावर उभा होता. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. त्याच्या मागे शेताचा मुरूम दिसत होता.  दोरीदादाच्या मनात आलं, बोलायला इतकी वर्षं साठलंय, आता बोलावं. पण भावाचा चेहरा पाहिला आणि सगळं आतल्या आत जिरलं.

"वाफसा येऊ दे," तो म्हणाला. "ट्रॅक्टर जाईल इतपत वाळलं की तुझी माती उचलून देतो."

"तुझ्याच शेतात आलीय. राहू दे तुला."

"माझी कुठं? आपल्या बापाची. वर लागेल तुला."

चिखल वाळल्यावर त्यानं ट्रॉली लावली. धाकटा फावडं घेऊन आला. दोघांनी मिळून माती भरली, वर नेली, पसरली, पुन्हा खाली आले. कामापुरतं बोलणं झालं. "जरा मागे घे." "एवढी पुरे." "थांब, दगड आहे." भावजय पाणी घेऊन आली. दोरीदादाकडे तांब्या देताना ती म्हणाली, "भाऊजी, वाळलात हो." त्यावर धाकटा खाली बघून फावड्याची माती पायानं काढू लागला.

काम संपल्यावर तो म्हणाला, "दादा, जेवायला ये आज."

दोरीदादा गेला. बऱ्याच वर्षांनी भिंतीच्या त्या बाजूला. पुतण्या मोठ्या झाल्या होत्या, नव्या खुर्च्या आल्या होत्या, आणि आपण कुठं बसायचं ते त्याला कळेना. भावजयीनं आग्रह करकरून वाढलं. बोलणं पावसाचं, रस्त्याचं, कुणाच्या लग्नाचं झालं. त्या बांधावरच्या दिवसाचा विषय कुणीच काढला नाही. निघताना भावजय म्हणाली, "उद्यापासून ताट पाठवते." तो म्हणाला, "नको, आता येतं मला." ते खरं होतं. पण भिंतीच्या आपल्या बाजूला येऊन दिवा लावल्यावर त्याला वाटलं, उगाच नको म्हटलं.

पुढच्या हंगामात धाकट्यानं नेहमीसारखा नांगर जोडला. वरचं अर्धं शेत त्यानं उताराला आडवं नांगरलं. खालचं अर्धं, बांधालगतचं, धसकटांसकट तसंच ठेवलं. कुणाला काही सांगितलं नाही. चहाच्या दुकानात विचारलं तेव्हा म्हणाला, डिझेल संपलं होतं.

दोरीदादानं ते आपल्या शेतातून पाहिलं. वर जाऊन काहीतरी बोलावं असं त्याला फार वाटलं. पण भावाला तो लहानपणापासून ओळखत होता. कौतुक केलं असतं, तर संध्याकाळच्या आत पठ्ठ्यानं तेही नांगरून काढलं असतं. म्हणून त्यानं पाठ फिरवली आणि पेरणीचं यंत्र तपासायला लागला.